एकदाही बंद न पडलेलं

काका: हात लावून बघा, मॅडम. बिनधास्त लावा. गरम लागतंय ना? गरम म्हणजे जिवंत.

पाहुणी: काका, संग्रहालयाने मला एवढंच विचारायला सांगितलंय, की कॉम्प्युटर चालू आहे का बंद.

काका: चालू. ह्या दुकानात कप-ढालींवर नावं कोरायला बसलो त्या वर्षी हे मशीन आणलं, त्या कोरायच्या यंत्राला जोडलं, आणि तेव्हापासून चालू. मधे एकदाही बंद पडलेलं नाही. लिहा तसं. एकदाही.

पाहुणी: लिहिते... एक मिनिट हं. माझा टॅबलेट स्वतःलाच अपडेट करून घेतोय.

काका: घेऊ द्या. नव्या पिढीचं हे असंच. पाहुणे दारात आले की ह्यांना अंघोळ आठवते.

काकू: अहो, तिला बसू तरी द्या. आल्यापासून उभी आहे बिचारी. बस गं. ते पदकांचं खोकं सरकव आणि टेक जरा.

पाहुणी: थँक्यू, काकू. तर आमच्या प्रदर्शनाचं नाव आहे ‘अजून चालू’. शहरात आजही रोजचं काम करणारी जुनी यंत्रं. एक शिलाई मशीन मिळालंय, एका जुन्या इमारतीतली लिफ्टची मोटर मिळालीय. कॉम्प्युटर काही मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, होता, गेल्या वर्षीच टाकला. मग तुमचा फोन आला आणि आमचे साहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

काका: ऐकलंस ना? उठून उभे राहिले.

काकू: ऐकलं. पण आजच न्यायला येणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काका: अगं, दुकान आवरायचं ठरलंय ना आपलं? मग? भंगारवाल्याच्या गाडीत टाकू ह्याला? त्यापेक्षा संग्रहालयात काचेमागे बसेल. शाळेची पोरं रांगेने येऊन बघतील. आणि समोर पाटी. मॅडम, पाटी मी कोरूनच ठेवलीय. ही बघा.

पाहुणी: अरे वा. किती सुंदर अक्षर आहे. ‘एकदाही बंद न पडलेलं यंत्र.’ आणि खाली तुमचं नाव.

काका: माझं नाव. तुम्हाला म्हणून सांगतो, आयुष्यभर लोकांची नावं कोरली. पळणाऱ्यांची, पोहणाऱ्यांची, निवृत्त होणाऱ्यांची, एकदा तर कुत्र्यांच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या कुत्र्याचं. स्वतःचं नाव कशावर कोरावं असं काही हातून घडलंच नाही. हे पहिलं. अक्षरांच्या कडांना उतार किती दिलाय बघा, बोट फिरवा, कुठे टोचत नाही. राजाच्या नावालासुद्धा एवढा दिला नसता.

काकू: पाटी घेऊन जाऊ दे तिला. मशीन नंतर पाठवू.

काका: नुसती पाटी? पाटीखाली काय ठेवतील, हवा?

पाहुणी: काकू, खाली टेम्पो उभा आहे. माणसं थांबलीत. आम्ही आता व्यवस्थित बंद करून, गुंडाळून...

काकू: बंद करून?

पाहुणी: म्हणजे न्यायचं तर बंद करावंच लागेल ना. आणि तिथेही रोज नाही चालवत आम्ही. रविवारी लोकांना दाखवण्यापुरतं.

काकू: मग नको. बंद नाही करायचं.

काका: ही काय नवीन टूम?

काकू: एक ढाल कोरायची राहिलीय.

काका: कालच दिली.

काकू: ऊन किती आहे बाहेर. प्लास्टिक वितळेल. पुढच्या आठवड्यात न्या.

काका: गंमत आहे की नाही, मॅडम? जन्मभर हिने ह्या मशीनचा दुस्वास केला. माझी सवत म्हणायची. मी दोन घास जेवायला उशीर केला, की जा, तिच्याच मांडीवर जेवा. आणि आज सवत सासरी निघाली तर हिचा जीव तुटतोय.

काकू: सवत कधी सासरी जाते का? काहीतरीच बोलता.

काका: मुद्दा कळला ना? मग झालं. पोरी, तू लिही. तुला पोरी म्हटलं तर चालेल ना? लिही. त्या काळी वस्तू बनवताना माणसाला लाज वाटायची. आपली वस्तू लवकर मेली तर लोक काय म्हणतील, अशी लाज. आता उलटं आहे. आता वस्तू लवकर मेली नाही तर दुकानदार उपाशी मरतो. हिचा धाकटा भाऊ आहे ना, त्याचं नव्या कॉम्प्युटरचं दुकान आहे, दोन गल्ल्या सोडून. आम्ही त्याला वॉरंटी म्हणतो.

काकू: तुम्ही म्हणता.

काका: मी म्हणतो. माझं आणि त्याचं ह्यावरूनच बिनसलं. प्रत्येक कार्यात मला गाठून, भावोजी, आता तरी नवीन घ्या. मी म्हटलं, बाबा रे, तुझा माल वॉरंटी संपायच्या आदल्या दिवसापर्यंत गुणी बाळ असतो, आणि दुसऱ्या दिवशी डोळे फिरवतो. माझ्या मशीनला तुझ्या दुकानातला एक स्क्रू लागला तर कोरायचं काम सोडीन. चारचौघांत म्हणालो. तेव्हापासून माझ्या दुकानाची पायरी चढला नाही तो.

काकू: चहा घेणार का गं?

पाहुणी: नको, काकू. काका, पण एक सांगू? म्हणजे राग मानू नका. जुनं सगळंच टिकाऊ होतं असं नसतं. जे टिकलं तेवढंच आपल्याला दिसतं. तुमच्या मशीनबरोबर त्याच कारखान्यातून निघालेली शेकडो असतील, ती कधीच मोडीत गेली. ती कुणी दाखवायला आणत नाही.

काका: गेली असतील. त्यांना माणूस चांगला नसेल मिळाला. वस्तू माणसाच्या हाताला मुरते, पोरी. हे वयाबरोबर सुधारत गेलंय. थट्टा नाही करत. आधी एक नाव उघडायचं तर मी इकडे पाणी पिऊन यायचो. मधे काही वर्षांपूर्वी एकदम चपळ झालं. टिचकी मारली की नाव हजर.

पाहुणी: आपोआप?

काका: सवय झाली त्याला कामाची. आणि हा कीबोर्ड बघ. ह्याच्यावरची अक्षरं पार झिजली होती. मी अंदाजाने टायपायचो. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घरी आलो, बघतो तर काय, सगळी अक्षरं लख्ख दिसायला लागली. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फुकट एक ढाल कोरून दिली.

पाहुणी: अच्छा.

काका: पंखा मात्र घरघरायचा. एके दिवशी घरघर थांबली. म्हटलं, गेले कान. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी कान साफ करून दिले. म्हणाले, काही झालेलं नाही तुम्हाला. तरी मशीनची नुसती बारीक गुणगुण. तेव्हा कळलं, ते शांत झालंय. वय झालं की माणूसही होतोच की शांत.

काकू: सगळे नाही होत.

पाहुणी: काका, आमचा एक नियम आहे. आतले भाग मूळचे आहेत का, ते बघावं लागतं. बंद न करता नुसतं बाजूचं झाकण काढते. चालेल?

काकू: झाकण नको. धूळ उडेल. ह्यांना दमा आहे.

काका: मला? कधीपासून?

काकू: होईल ना मग.

काका: काढ गं पोरी तू. फक्त स्क्रू निघतील का, शंका आहे. इतक्या वर्षांत कुणी हात लावलेला नाही. गंजून बसले असतील. पक्कड देऊ का?

पाहुणी: नको. नुसत्या बोटांनीच निघाले.

काका: बोटांनी?

पाहुणी: अगदी सैल आहेत. आणि काका, आत धूळच नाही.

काका: असंच असतं. चांगली वस्तू धूळ धरत नाही.

पाहुणी: ते ठीक आहे, पण ह्या डब्यावर... हा वीज देणारा भाग आहे ना, पॉवर सप्लाय, ह्याच्यावर एक चिकटपट्टी आहे. ‘पट्टी फाटल्यास वॉरंटी रद्द.’

काका: कंपनीने लावली असेल.

पाहुणी: दुकानाचा शिक्का आहे. एक हसणारा कॉम्प्युटर आणि त्याने अंगठा वर केलाय.

काका: अंगठा वर केलाय?

पाहुणी: हो.

काका: दात दिसतायत?

पाहुणी: दोन. पुढचे.

काका: तो शिक्का मी कोरून दिलाय, आमचं बिनसायच्या आधी. दात मी माझ्या मनाने घातले होते, त्याला चिडवायला. हा वॉरंटीचा शिक्का आहे. अगं, तुझ्या भावाचा शिक्का माझ्या मशीनच्या पोटात काय करतोय?

काकू: मी चहा ठेवते.

काका: चहा नको. इथे उभी राहा. पोरी, आणखी कुठे आहे बघ. ह्या मोठ्या पाटावर?

पाहुणी: मदरबोर्डवर अंगठा आहे.

काका: पंख्यावर?

पाहुणी: अंगठा.

काका: हार्ड डिस्क?

पाहुणी: दोन आहेत, दोन्हींवर अंगठा. एकावर एक. बहुतेक पहिली थकली म्हणून दुसरी बसवलीय.

काका: म्हणजे ते जे चपळ झालं...

पाहुणी: नवीन डिस्क. आणि कीबोर्ड उलटा करू का? हो. इथेही अंगठा.

काका: आणि मी त्या डॉक्टरांना ढाल दिली.

काकू: डोळ्यांचं ऑपरेशनही चांगलंच झालं होतं. दिलीत ते बरंच केलंत.

काका: मग ह्यात जुनं काय आहे?

पाहुणी: बाहेरचा डबा मूळचा आहे. आणि हे पुढचं चालू-बंदचं बटण.

काका: डबा आणि बटण. शेकडो लोकांपुढे मी छाती ठोकून सांगितलं, एकदाही नाही. सगळ्या लग्नांत सांगितलं. तो समोर बसून ऐकायचा आणि मान डोलवायचा. मला वाटायचं हरला. गालातल्या गालात हसत असेल लेकाचा. केसाने गळा कापलात तुम्ही दोघांनी माझा. मी बोललो होतो, त्याच्या दुकानातला एक स्क्रूही...

काकू: स्क्रू तुमचेच आहेत. स्क्रू नाही बदलले त्याने. मी बजावलं होतं.

पाहुणी: मी जरा खाली जाऊन टेम्पोवाल्यांना सांगून येऊ का?

काका: तू कुठेही जायचं नाही. साक्षीला थांब. कधी केलंत हे?

काकू: दुपारी. जेवण झालं की तुम्ही आत जाऊन पडता. घोरायला लागलात की मी त्याला फोन करायची. तो मागच्या दाराने यायचा, चपला हातात घेऊन. तुमचं घोरणं थांबलं की आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे. एकदा मदरबोर्ड हातात धरून किती वेळ उभा होता, तुम्ही कूस बदलेपर्यंत.

काका: आणि तो आणतो कुठून हे भाग? असलं जुनं आता मिळत नाही.

काकू: काही नवे, काही शोधून आणलेले. कुणाचं असंच जुनं मशीन मेलं की तो पळत जायचा, त्यातलं धड असेल ते काढून आणायला. ती म्हणाली ना, बाकीची मोडीत गेली म्हणून? त्यांतली चारदोन ह्याच्यातच आहेत.

काका: पण का? बंद पडलं होतं तर पडलं होतं. मला सांगायचं. मी चिडलो असतो, आरडाओरडा केला असता, मुकाट्याने नवीन घेतलं असतं.

काकू: तुम्हाला खरंच आठवत नाही?

काका: काय?

काकू: छातीत दुखून दवाखान्यात होतात तेव्हाचं. ऑपरेशन झालं, तुम्हाला बाहेर आणलं. मी कपडे न्यायला घरी आले होते. येताना म्हटलं दुकानात डोकावू. तर मशीन बंद. पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. जळका वास येत होता. मी तशीच पिशवी घेऊन दवाखान्यात परत आले. तुम्ही डोळे उघडलेत. माझं नाव नाही घेतलंत, मुलांचं नाही. विचारलंत, मशीन चालू आहे ना?

काका: मग तू?

काकू: म्हटलं, आहे. तुम्ही हसलात. म्हणालात, मग मीही चालू. ते आहे तोवर मी आहे. आणि झोपलात.

काका: असं म्हणालो मी?

काकू: माझा हात धरून.

काका: अगं, भूल उतरत होती. भुलीत माणूस काहीही बडबडतो.

काकू: बडबडणारा भुलीत होता हो. ऐकणारी शुद्धीत होती.

काका: मग काय केलंस?

काकू: मी तिथूनच भावाला फोन केला. म्हटलं, तुझं आणि त्यांचं काय भांडण असेल ते असू दे, आत्ताच्या आत्ता जा आणि ते मशीन उठव. तो म्हणाला, ताई, हे मेलंय, नवीन देतो. मी म्हटलं, नवीन नको, हेच पाहिजे, हेच चालू पाहिजे. तुम्ही घरी यायच्या आत त्याने चालू केलं. तुम्ही आल्या आल्या त्याच्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, गरम आहे. मग मला पहिल्यांदा रडू आलं. तुम्हाला वाटलं, तुम्ही घरी आलात म्हणून रडतेय.

काका: ते नव्हतं कारण?

काकू: तेही होतं. पण मग सुटकाच होईना. जरा आवाज बदलला की मी हातातलं टाकून दुकानात. वीज गेली की मी आधी त्या बॅटरीच्या डब्याकडे धावायची आणि मग तुमच्याकडे. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? यंत्राचा आणि माणसाचा काही संबंध नसतो. भाग बदलताना बंद असायचं, तेवढा वेळ मी तुमचं घोरणं ऐकत उभी असायची. पण संबंध नसतो, हे बघायला मुद्दाम बंद कोण करून बघणार? मी नाही बघितलं.

पाहुणी: काकू, मला माहीत नव्हतं. आपण नको नेऊया. मी साहेबांना सांगते, यंत्र मूळचं नाही. तसंही नियमात बसत नाही ते.

काका: थांब. झाकण लाव ते. सगळे बाजूला व्हा.

काकू: काय करताय?

काका: एवढ्या वर्षांत बटण तेवढं माझं राहिलंय ना? ते दाबतोय.

काकू: अहो, नको. माझी शपथ आहे.

काका: तुझी शपथ घालून घालूनच तर हे चाललंय. पुरे झालं. तू मशीनकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.

[बटणाचा आवाज. पंखा थांबतो. काकू काकांचा हात घट्ट धरतात.]

काकू: अहो?

काका: आहे.

काकू: मग बोलत का नाही?

काका: ऐकतोय. हे दुकान इतकं शांत असतं, मला माहीतच नव्हतं.

काकू: छातीत काही?

काका: काही नाही. भूक लागलीय. हात सोड आता, बोटं मोडशील. मला ती कोरायला लागतात.

पाहुणी: काका, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. मी बाहेर जाऊन येते.

काका: डोळ्यात जाण्याइतकी धूळ ह्या दुकानात नाही, आत्ताच सिद्ध झालंय. बस. आणि तू, घे, चालू कर आता. तूच कर. दाब.

काकू: मी?

काका: आजवर तूच करत आलीस. आज माझ्या देखत कर.

काकू: ...झालं. लागला दिवा.

पाहुणी: एका दमात उठलं. आतले भाग नवे आहेत ना, त्यामुळे.

काका: डबा जुना आहे, त्यामुळे.

पाहुणी: बरं, त्यामुळे. काका, खरं सांगते, ‘एकदाही बंद न पडलेलं’ म्हणून हे मला घेता येणार नाही. पण ‘अजून चालू’ आहेच की. शिलाई मशीनचा पट्टा, सुई, पायडल, सगळं बदललेलं आहे, तरी आम्ही घेतलंच. साहेबांना मी समजावते. फक्त ती पाटी नाही लावता येणार.

काका: पाटी खोटीच आहे. कोरताना किती उतार दिला मी. चांगल्या पितळेची माती केली. पोरी, टेम्पोला आज जाऊ दे. पुढच्या आठवड्यात ये. हिचंही म्हणणं तेच होतं ना? एक नवीन पाटी कोरायचीय, आणि ती ह्याच मशीनवर कोरीन.

पाहुणी: काय लिहिणार? म्हणजे मला इथे भरायचंय. हा टॅबलेट आत्ता कुठे उठलाय.

काका: लिही. ‘अनेकदा बंद पडलेलं यंत्र. प्रत्येक वेळी चालू केलं,’ आणि पुढे हिचं नाव.

काकू: माझं कशाला? मला स्क्रू पिळतासुद्धा येत नाही. केलं सगळं भावाने. त्याचं घाला.

काका: त्याचंही घालतो. खाली, कोपऱ्यात. बारीक अक्षरात.

काकू: दातांसकट?

काका: दातांसकट. आणि फोन कर त्याला. म्हणावं, जेवायला ये. पुढच्या दाराने.

काकू: आणि तुमचं नाव? तुम्हाला पाटीवर यायचं होतं ना?

काका: डबा माझा आहे की. बघणाऱ्याला आधी डबाच दिसतो.

काकू: नाही, तुमचं नाव पाहिजे. ते नसेल तर मी मशीन देणार नाही.

काका: बरं. घालतो. तुझ्याशेजारी.

काकू: तेवढ्याच अक्षरात?

काका: तेवढ्याच. उतार मात्र तुझ्या नावाला जास्त देणार. मऊ लागतं बोटाला.